हाड आधी कातडीत आलं



विंचूरला जीवाश्मांवर बोलायचं तर पायाखालीच अडचण आहे. इथला खडक लाव्ह्याचा. त्यात हाडं शोधणाऱ्याचा हातोडाच बोथट व्हायचा. पण याच निफाड तालुक्यात, नांदूरमधमेश्वरला, गोदावरीच्या गाळात नामशेष हत्तीचे अवशेष मिळाले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली त्यांच्यावर लिहिलं. आता तिथे लोक पक्षी बघायला जातात, हत्ती कुणाच्या गावी नसतो. मला अध्यक्ष केलंतच आहे, तर आज साक्षीला त्या हत्तीलाच बोलावतो.

हत्तीच्या मांडीचं हाड गर्भात आधी कूर्चेचं असतं. मागाहून तिची जागा हाड घेतं. कपाळाचं हाड मात्र कूर्चेच्या वाटेला जात नाही, ते थेट पडद्यात जमतं. आणि सुळा? तो जवळजवळ सगळा दंतिनाचा, म्हणजे दाताच्या द्रव्याचा. एकाच जनावरात तीन कारागिरांची कामं. यांतलं जुनं घराणं कुणाचं?

आपण शिक्षक वर्गात शिकवतो ‘पृष्ठवंशी’, आणि मुलं साहजिकच समजतात की हाडाची सुरुवात पाठीच्या कण्यातून झाली. शब्द चांगला आहे, पण इथे दिशाभूल करतो. पाठ्यपुस्तकातला चक्रमुखी पेट्रोमायझॉन पाहा: कूर्चा आहे, हाडाचा कण नाही. जुन्या जबडाहीन माशांत तर आतला सांगाडा बहुतेक मऊच राहिला आणि खनिज भरलं ते कातडीत. अंगावर चिलखत, आत जवळजवळ सगळं लिबलिबीत! अमेरिकेत कोलोरॅडोच्या वालुकाश्मातले सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचे असे दोन मासे, ॲस्ट्रॅस्पिस आणि एरिप्टिकियस, अभ्यासक वॉलकॉट यांनी १८९२ मध्येच जगापुढे ठेवले होते. म्हणजे हत्तीचं कपाळ आणि सुळा हे त्या चिलखताचे वारस. मांडीचं हाड त्या मानानं नवखं.

त्या चिलखतातल्या ॲस्पिडिन नावाच्या ऊतीनं अभ्यासकांना फार छळलं. हाडासारखी, पण पेशींच्या खोल्या नाहीत. नुसत्या चात्यांसारख्या पोकळ्या. कुणी तिला दंतिन म्हणे, कुणी हाड, कुणी मधलंच काही. २०१८ साली कीटिंग, डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी आत पाहिलं. त्या पोकळ्या पेशींच्या नव्हत्या, कोलॅजनच्या जुड्यांच्या होत्या. ॲस्पिडिन हे हाडच ठरलं, बिनपेशींचं. हे ऐकून नवल वाटू देऊ नका: बाजारातल्या तिलापियाचं हाडही बिनपेशींचं असतं, कटल्याचं मात्र पेशींसकट.

या क्षेत्रात फजितीही मोठी होते. ॲनाटोलेपिस नावाचे कॅम्ब्रियन काळातले बारीक तुकडे १९९६ पासून सर्वांत जुन्या दंतिनाचा पुरावा म्हणून मिरवत होते. २०२५ मध्ये यारा हरिदी यांच्या गटानं दाखवलं, तो मासाच नाही! संधिपाद प्राण्याचं कवच आहे. दंतिनाच्या नळ्या समजलेल्या जागा त्याच्या संवेदनेंद्रियांच्या. मला या चुकीचं कौतुक वाटतं, कारण तिच्यातूनच पुढचं सापडलं. एरिप्टिकियसच्या चिलखतावरचं खरं दंतिनही स्पर्श ओळखणारंच असावं, असं हाच गट म्हणतो. म्हणजे ते चिलखत मुकं नव्हतं. पाण्यातलं त्याला कळत होतं.

आपण द्राक्षाच्या मुलखात बसलो आहोत. न पिकलेला घड तोंडात टाकला की दात आंबतात. तेव्हा एनॅमलखालच्या दंतिनातून कळ जाते. चावायला एवढं हळवं द्रव्य कशाला, हा प्रश्न दहावीतल्या मुलानं विचारला तर आजवर मी गप्प बसलो असतो. आता त्याला एरिप्टिकियसची गोष्ट सांगता येईल: दात तोंडात येण्याआधी दंतिन कातडीवर होतं, आणि तिथे ते पाणी चाचपत होतं.