स्वागताध्यक्षांचे मनोगत



लोकौषधीतील फुले आणि त्यांतील अँटिऑक्सिडंट घटक या विषयावरील परिषदेसाठी आपण जालन्यात आलात. शहराच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

इथली मस्तगड ही गढी निजामुल्मुल्क आसफजाहच्या हुकमावरून काबील खानाने 1725 साली बांधली. आतल्या दरवाजावरच्या फारसी शिलालेखात बांधकामाचा काळ कोरलेला आहे. आत सज्जे आणि दालने असलेली मोठी विहीर आहे. ती पाहिल्याशिवाय कृपया परतू नका. 'जालना सोने का पालना' ही म्हण तर आपल्या कानावर असेलच.

पण आज मला नाव घ्यायचे आहे ते बेजोनजी फरेदूनजी यांचे. या पारशी गृहस्थांनी घाणेवाडीचा तलाव उभारला. जमिनीच्या उताराचा असा नेमका उपयोग केला, की पाणी पंपाशिवाय शहरात यावे. दुष्काळाने होरपळणाऱ्या मराठवाड्यात केवढी ही दूरदृष्टी! पुढे तलाव गाळाने भरला, तेव्हा जालनेकरांनी लोकवर्गणीतून गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनी तो रानात नेऊन टाकला. नव्या पिढीला बेजोनजी ठाऊक नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. इथल्या जेईएस महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेच्या नावात 'बेजोनजी' हे नाव आहे, तेवढाच आधार.

आता आपल्या विषयाकडे. मी व्यापारी माणूस, अधिकाराने बोलणार नाही. लघवी अडली की आमच्या आजीबाई पळसाची फुले उकडून ओटीपोटावर बांधत. उकडताना पातेल्यातले पाणी केशरी होई. त्याच फुलांत ब्युट्रिन आणि ब्युटीन ही द्रव्ये असतात, आणि त्यांचा अर्क टाकल्यावर अँटिऑक्सिडंट गुण तपासण्याचे डीपीपीएचचे जांभळे द्रावण पिवळे पडते, हे इथल्या प्राध्यापकांनी मला समजावले. आसवे-अरिष्टे करताना धायटीची फुले घालतात, हेही त्यांनीच सांगितले. प्रयोगशाळेतला हा अँटिऑक्सिडंट गुण शरीरात किती उतरतो, ते आपणच ठरवावे.

व्यवस्थेत उणिवा आहेत. सर्वांना एका ठिकाणी उतरवता आले नाही, अंघोळीच्या गरम पाण्याची वेळ ठरवून द्यावी लागली, मंडपात उकाडा आहे. क्षमा असावी. बियाणे आणि स्टीलच्या उद्योजकांनी, मोंढ्यातील आडत्यांनी, मोसंबी बागायतदारांनी सढळ हाताने मदत केली. देणगीदारांनी नावे जाहीर करू नका म्हटले, म्हणून नाइलाज आहे. ऋण मात्र मोठे आहे. पंगतीत वाढणाऱ्या गल्लीतल्या भगिनी आणि पोरे पहाटेपासून राबत आहेत, त्यांचेही आभार.

काही कमी पडले तर थेट मला सांगा, मी परिषदेचे दोन्ही दिवस मंडपातच आहे. अध्यक्ष महोदयांनी परिषदेचे उद्घाटन करावे, अशी विनंती करतो.