श्रेयांकांची शिदोरी

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील विद्यार्थी मार्गदर्शनपर भाषण)



अमेरिकेतील शिक्षण म्हणजे पहिल्या दिवसापासून नामांकित विद्यापीठ आणि त्यासाठी घरदार गहाण, असा समज आपल्याकडे रूढ आहे. परंतु तेथे दुसरीही एक वाट आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयापासून तिचा आरंभ मानला जातो. पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात तुलनेने कमी शुल्कात शिकावे, आणि तेथील श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, घेऊन उरलेली दोन वर्षे विद्यापीठात पूर्ण करावीत. 'कमवा आणि शिका' सांगणाऱ्या कर्मवीर भाऊरावांचा वारसा मिरवणाऱ्या समाजाला ही वाट कमीपणाची वाटू नये. मात्र विद्यार्थी व्हिसावर पहिल्या वर्षी महाविद्यालयाबाहेर नोकरी करता येत नाही, हे ध्यानी ठेवूनच खर्चाचा हिशेब मांडावा.

या वाटेवर ठेच लागते ती एकाच ठिकाणी. श्रेयांक 'स्वीकारले' जाणे निराळे आणि ते मुख्य विषयाच्या अटीत 'लागू' होणे निराळे. स्वीकारलेला विषय केवळ ऐच्छिक म्हणून जमा झाला, तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आवश्यक गणित वा भौतिकशास्त्र पुन्हा घ्यावे लागते. एक सत्र वाया जाते, आणि ते सत्र कुणाच्या तरी वडिलांच्या घामाचे असते.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण घेऊ. तेथील 'युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया'च्या तिसऱ्या वर्षात प्रवेशासाठी ६० सेमिस्टर श्रेयांक लागतात. पदवीच्या मोजणीत मात्र कम्युनिटी कॉलेजचे ७० पर्यंतच धरले जातात. त्यापुढील अभ्यासाने विषयाची अट पूर्ण होऊ शकते, पण बेरीज वाढत नाही. परिग्रहाला मर्यादा असावी, हे आपले तत्त्व येथेही लागू पडते! कोणत्या कॉलेजचा कोणता विषय विद्यापीठातील कोणत्या विषयाच्या तोडीचा, हे 'असिस्ट' या अधिकृत संकेतस्थळावर पाहता येते. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा व सांता क्रूझ या सहा ठिकाणी, ठरलेल्या अटी पूर्ण केल्यास, हमीच्या प्रवेशाची योजनाही आहे. मात्र प्रत्येक अभ्यासक्रमास ती लागू नसते. राज्य बदलले वा खासगी विद्यापीठ निवडले, तर हे करार तसेच लागू होतील असे गृहीत धरू नये. म्हणून प्रत्येक विषयाची अभ्यासक्रमपत्रिका जपून ठेवावी.

आपल्या देशातही २०२१ पासून 'ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'ची व्यवस्था आली आहे. तेव्हा ही भाषा आता परकी राहिलेली नाही.

विश्वस्तांना माझी एकच नम्र विनंती. शिष्यवृत्ती वा कर्ज मंजूर करताना विद्यार्थ्याकडून गुणपत्रिकेबरोबरच पुढील विद्यापीठाच्या अटींशी ताडून पाहिलेला दोन वर्षांचा लेखी विषय-आराखडा मागावा. दानाइतकेच ज्ञानही सम्यक् असेल, तरच ते सत्कारणी लागेल.