‘एनसी’ म्हणजे ‘नॉन-क्रिमिनल’ नव्हे

(उमरगा येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वकील नाही, हे आधीच सांगतो. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, घर याच तालुक्यातलं. कायदा वाचायला लागलो तो आमच्या चाचांमुळे.

२०१९ ची गोष्ट. शेताच्या बांधावरून शेजाऱ्याशी भांडण झालं. धराशिव जिल्ह्यात बांध म्हटलं की पुढचं सांगायची गरज नाही. शेजाऱ्याने चाचांना मारलं, ढकललं. चाचा पोलीस ठाण्यात गेले, तिथे त्यांची तक्रार लिहून घेतली आणि एक कागद हातात दिला. घरी येऊन म्हणाले, “केस केली.” आम्ही सगळे निवांत झालो. पोलीस येतील, पंचनामा होईल, त्याला बोलावतील, असं धरून चाललो. कुणीच आलं नाही. वर्ष गेलं. मग मी सुट्टीत आलो तेव्हा तो कागद पाहिला. वर लिहिलं होतं ‘अदखलपात्र’, खाली कलम ३२३. गावातल्या एका शहाण्याने चाचांना सांगितलं होतं, “एनसी म्हणजे नॉन-क्रिमिनल, त्यात काही होत नाही.”

हा गैरसमज मी तेव्हापासून पन्नास ठिकाणी तरी ऐकला असेल. शिकलेल्या माणसांकडूनही. एनसी म्हणजे नॉन-कॉग्निझेबल, अदखलपात्र. तो गुन्हाच असतो, त्याला कैदही असते. फरक एवढाच की मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, हे कलम १७४ मध्ये आहे. पोलिसांनी तक्रारीचा सारांश नोंदवायचा आणि तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगायचं. म्हणजे चाचांच्या हातातला कागद हा केसचा शेवट नव्हता आणि सुरुवातही नव्हती. तो कोर्टाचा रस्ता दाखवणारा कागद होता. चाचांनी तो कपाटात ठेवला.

मी त्यांना घेऊन वकिलाकडे गेलो. वकील म्हणाले, साध्या मारहाणीला शिक्षा एक वर्षापर्यंत. अशा गुन्ह्यात कोर्टाने दखल घेण्याची मुदतही एक वर्षाचीच. आम्ही गेलो तेव्हा चौदा महिने झाले होते. उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, पण कारण द्यावं लागतं. आमचं कारण काय? आम्ही पोलिसांची वाट पाहत होतो.

उठताना चाचांनी पिशवीतून एक्स-रे काढला. भांडणानंतर चार दिवसांनी बोट सुजलं म्हणून सोलापूरला काढलेला. बोटाचं हाड मोडलेलं स्पष्ट दिसत होतं. वकिलांनी डोक्याला हात लावला. हाड किंवा दात मोडला की ती साधी दुखापत राहत नाही, गंभीर दुखापत होते. तेव्हाचं कलम ३२५, शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि गुन्हा दखलपात्र. म्हणजे पोलिसांनी एफआयआर नोंदवून स्वतः तपास करायचा. वर त्याला एक वर्षाची ती मुदतही लागू नाही. शिवाय एका प्रकरणात चार कलमं अदखलपात्र आणि एक दखलपात्र असेल, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. ती फिल्म पोलिसांना कुणी दाखवलीच नव्हती. पोलिसांनी विचारलं नाही, हेही खरं. आता भारतीय न्याय संहितेत साधी दुखापत ११५(२) आणि गंभीर दुखापत ११७(२) आहे. आकडे बदलले, हाडाचा नियम तोच आहे.

आता थोडं माझ्या धंद्याच्या भाषेत. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गोष्टीला एक ‘डिफॉल्ट’ असतो, म्हणजे वेगळं काही सांगितलं नाही तर हे धरायचं. कायद्यातही तसंच आहे. संहितेच्या पहिल्या अनुसूचीचे दोन भाग आहेत. पहिल्यात न्याय संहितेच्या एकेका कलमापुढे लिहिलंय : दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, कुठलं कोर्ट. दुसरा भाग बाकीच्या सगळ्या कायद्यांसाठी, आणि तिथे रेषा तीन वर्षांवर आहे. शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल तर अदखलपात्र, जामीनपात्र. तीन किंवा जास्त असेल तर दखलपात्र, अजामीनपात्र. पण त्या कायद्यातच वेगळं लिहिलं असेल तर ते चालतं.

आपल्या राज्याने हे बऱ्याचदा केलंय. महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायदा घ्या, २०१५ च्या दुरुस्तीसह. बेकायदा कत्तलीचं गोवंशाचं मांस बाळगण्याला शिक्षा एक वर्षापर्यंत. डिफॉल्ट लावला तर हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र व्हायला हवा. पण कायद्याने आपल्या सगळ्या गुन्ह्यांना दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलं. बोट न मोडता मारहाण करा, त्यालाही शिक्षा एक वर्षापर्यंतच, पण तिथे पोलीस तुम्हाला वॉरंटशिवाय हातही लावू शकत नाहीत. आपल्या कुरेशी भावांना हा फरक पुस्तकातून शिकावा लागला नाही. ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने यातलं ५ड हे कलम रद्द केलं, म्हणजे राज्याबाहेर कत्तल झालेलं मांस बाळगणं हा गुन्हा राहिला नाही. हेही अनेकांना माहीत नाही.

दुसरं उदाहरण आपल्याला आरसा दाखवणारं. राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, २०१७ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड एक लाखापर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि जामीनपात्र. लोक समजतात हा फक्त जातपंचायतींसाठी आहे. तसं काही लिहिलेलं नाही. एखाद्या घराशी सलाम-दुआ तोडा, त्यांच्या लग्नाला जाऊ नका, कब्रस्तानात जागा देऊ नका असं जमातीने ठरवलं, तर ते जमातीलाही लागू आहे. आणि दखलपात्र असल्यामुळे पोलिसांना ‘तुमच्या समाजाचा आपसातला मामला आहे’ म्हणून परत पाठवता येत नाही. मला इथे काहींचे चेहरे दिसतायत. नाराज व्हा, पण वाचून व्हा.

पोलिसांनी एफआयआर घेतलीच नाही तर काय? २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर नोंद बंधनकारक आहे. आता तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपींच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करता येते, पण ती चौदा दिवसांत संपवायची आहे. “चौकशी चालू आहे” हे सहा महिने ऐकून घेऊ नका. एसपींना लेखी पाठवा, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जा. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

आणि मुलांनो, स्टेटस ठेवणाऱ्यांनो, दुसरी बाजूही ऐका. धर्मभावना दुखावण्याचं कलम २९९ दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पण दखलपात्र म्हणजे लगेच अटक, असंही नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेत अटक का हवी याची कारणं पोलिसांना लिहावी लागतात, नाहीतर कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलवायचं असतं. २०१४ चा अर्नेश कुमार निकाल हेच सांगतो. नोटीस आली की पळू नका. पळालात तर अटकेचं कारण तुम्हीच दिलंत.

मोबाईल चोरीचंही सांगतो, बाजारच्या दिवशी फार होतं. नव्या कायद्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र झालीय. तक्रारीत मोबाईलची खरी किंमत लिहा, बिल जोडा.

चाचांचं पुढे काय झालं, ते विचाराल. एक्स-रेच्या जोरावर प्रकरण पुन्हा उभं करता आलं असतं. चाचा म्हणाले, “राहू दे बेटा, आता तो बांधावर सलाम करतो.” मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण बोट त्यांचं होतं.

ज्यांच्या घरी अशी एनसीची पावती पडून आहे, त्यांनी चहाच्या वेळी आणा. कलम आणि तारीख आधी बघू. आपल्यातले दोन वकील मागे बसले आहेत.