माणसे तीच, कारखाना तोच
(व्याख्यानाचा गोषवारा)



कोणत्याही उद्योगाला भांडवल, कच्चा माल, यंत्रे आणि माणसे लागतात. पहिल्या तिन्हींचा हिशोब वहीत चोख मांडला जातो. माणसांचा हिशोब मात्र बहुतेक ठिकाणी पगारपत्रकापाशीच संपतो. यंत्र बिघडले की आपण मेकॅनिक बोलावून कारण शोधतो. माणूस नीट काम करीनासा झाला की 'तो माणूसच तसला' असे म्हणून मोकळे होतो. हे निदान कितपत खरे असते, याचा आज विचार करावयाचा आहे.

या विषयाला आता 'मनुष्यबळ व्यवस्थापन' म्हणतात. आपल्या देशात त्याची पायाभरणी कामगार-कल्याणाच्या कामातून झाली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. पुढे भरती, प्रशिक्षण, बढती ही कामे त्यास जोडली गेली व नावे बदलत गेली. मूळ प्रश्न मात्र तोच राहिला : माणूस मन लावून केव्हा काम करतो? याचे उत्तर व्याख्यांपेक्षा एका खऱ्या उदाहरणातून अधिक चांगले कळते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्स कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. तेथील कामगारांची फार बदनामी झालेली होती. १०० पैकी २० माणसे गैरहजर असणे नित्याचे होते. कामावर दारू, वरचेवर संप आणि न मिटलेल्या तक्रारींचे ढीग, असा सगळा कारभार. दुसरी बाजूही पाहा. चालता पट्टा काही झाले तरी थांबवायचा नाही, असा वरिष्ठांचा दंडक होता. समोरच्या गाडीत दोष दिसला तरी ती पुढे ढकलायची. दुरुस्ती शेवटी होईल ती होईल. आपण वाईट काम करीत आहोत हे कामगाराला दिसे, पण ते थांबविण्याचा अधिकार त्याला नव्हता. १९८२ साली कंपनीने हा कारखाना बंद केला.

पुढे जपानच्या टोयोटा कंपनीने जनरल मोटर्सशी भागीदारी करून १९८४ मध्ये तोच कारखाना 'न्युम्मी' या नावाने पुन्हा सुरू केला. युनियन जुनीच होती. सुरुवातीला घेतलेल्या कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के जुन्या कारखान्यातलेच होते. दोन वर्षांच्या आत तेथील गाड्या दर्जात टोयोटाच्या जपानमधील गाड्यांच्या जवळपास पोहोचल्या. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली.

मग बदलले काय? पहिली गोष्ट शिक्षणाची. शेकडो गटप्रमुखांना जपानला पाठवून तेथील कामगारांच्या खांद्याला खांदा लावून काम करावयास लावले. दुसरी गोष्ट एका साध्या दोरीची. पट्ट्याच्या कडेने दोरी बांधली होती. अडचण आली की कोणत्याही कामगाराने ती ओढावी. गटप्रमुख धावत येई, आणि अडचण सुटली नाही तर पट्टा थांबे. 'कोणी केले?' असे न विचारता 'कशामुळे झाले?' असे विचारले जाई. तिसरी गोष्ट, काम कसे करावे व त्याला किती वेळ लागावा हे कामगारांचे छोटे गट स्वतः मोजून ठरवू लागले. साहेबांची वेगळी खानावळ व गाड्यांची राखीव जागाही बंद झाली.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कंपनी धोक्यात आल्याशिवाय कोणाला कामावरून कमी करणार नाही, आणि तत्पूर्वी अधिकाऱ्यांचे पगार कापू, असे करारात लिहून दिले होते. १९८८ च्या सुमारास मागणी बरीच घटली, तेव्हा हा शब्द पाळला गेला. रिकाम्या झालेल्या माणसांना घरी न बसवता प्रशिक्षणाला बसवले.

यावरून तेथे काम हलके झाले असा समज करून घेऊ नका. पूर्वी मिनिटातील सुमारे ४५ सेकंद हात चालत. आता ५७ सेकंद चालू लागले. गैरहजेरीचे नियमही कडक होते. तरीही लोकांनी ते स्वीकारले, कारण आपल्या शब्दाला किंमत आहे हे त्यांना रोज दिसत होते.

जनरल मोटर्सने हीच पद्धत आपल्या इतर कारखान्यांत नेण्याचा प्रयत्न केला. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइज येथे ती रुजली नाही. अधिकाऱ्यांचे लक्ष पूर्वीप्रमाणे गाड्यांच्या संख्येवरच होते. अशा ठिकाणी थांबण्याची मुभा कागदावरच राहते. तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. न्युम्मीचे भाग्यही कायम टिकले नाही. २००९ साली जनरल मोटर्स भागीदारीतून बाहेर पडली व २०१० मध्ये कारखाना बंद झाला. तेव्हा चांगले व्यवस्थापन हा प्रत्येक संकटावरचा ताईत नव्हे. पण २५ वर्षे त्याने एक गोष्ट सिद्ध करून दाखवली : ज्यांना कामचुकार म्हणून हिणवले, ती माणसे तशी नव्हती.

आपल्यापैकी कोणी गॅरेज चालवतो, कोणी दुकान, कोणी छापखाना. कोणी संस्थांचे विश्वस्त आहेत. हाताखाली पाचच माणसे असली तरी तीन प्रश्न स्वतःला विचारता येतील. आपल्याकडच्या मुलाने काम बिघडल्याचे येऊन सांगितले, तर त्याला मदत मिळते की शिवी? त्याला कोणी जवळ बसवून शिकवले आहे, की 'बघून बघून शीक' एवढ्यावरच सोडले आहे? आणि मंदी आली की सर्वांत आधी कोणाच्या घरची चूल थंडावते?

शिक्षक म्हणून एक सांगावेसे वाटते. आपल्या शाळांतून, आय.टी.आय.मधून बाहेर पडणारी मुले उद्या कोणाच्या तरी हाताखाली काम करतील, आणि काही वर्षांनी कोणीतरी त्यांच्या हाताखाली येईल. वर्गात 'सर, मला समजले नाही' म्हणणाऱ्या मुलाला आपण कसे उत्तर देतो, त्यावरून ती वरिष्ठाशी कसे बोलावे हे शिकतात, आणि पुढे स्वतः वरिष्ठ झाल्यावर कसे वागावे हेही. ज्या वर्गात चूक सांगणाऱ्याला हसतात, तेथला मुलगा कारखान्यात दोरी ओढणार नाही. म्हणून या कामाची सुरुवात आपल्याला वर्गापासूनच करता येईल, आणि त्यासाठी भांडवलही लागत नाही.