बांधीची माती आणि आम्लाचे थेंब

धान निघालं, बांधी मोकळी झाली, की माती तपासणीला पाठवा. प्रयोगशाळेत नत्र कसं मोजतात, ते आज ऐका.

२० ग्रॅम मातीत परमँगनेट आणि कॉस्टिक सोडा घालून उकळतात. नत्र अमोनिया होऊन निघतं. ते बोरिक आम्लात धरतात. त्यातल्या रंगद्रव्याचा गुलाबी रंग हिरवा होतो. मग ०.०२ नॉर्मल ताकदीचं गंधकाम्ल काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडतात. रंग पुन्हा गुलाबी झाला, की थांबतात. यालाच अनुमापन म्हणतात. १ मिलिलिटर आम्ल लागलं, तर हेक्टरी सुमारे ३१ किलो नत्र. एकूण २८० किलोच्या खाली भरलं, तर जमिनीत नत्र कमी.

आता तुम्ही माती युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरली तर? पोत्यातल्या खताचं नत्रही मोजलं जातं. कागदावर जमीन कसदार दिसते, तुम्ही खत कमी देता, आणि धान पिवळं पडतं.

म्हणून धुरा, झाड, शेणखताचा ढीग टाळा. बांधीत आठ-दहा जागी वीतभर खोल माती घ्या, मिसळा, सावलीत वाळवा. अर्धा किलो माती स्वच्छ कापडी पिशवीत भरा. नाव, गट क्रमांक लिहायला विसरू नका.