मोटारीची बॅटरी आणि किल्लीची ओळख

रात्रीचे दोन वाजलेले असावेत. घरातील वृद्ध वडिलांच्या छातीत दुखू लागलेले असावे. मुलगा किल्ली खिशात टाकून घाईने खाली येतो, मोटारीत बसतो, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबतो. आणि इंजिन सुरू होण्याऐवजी समोरच्या पट्टीवर अक्षरे उमटतात : ‘किल्ली सापडत नाही.’ किल्ली तर त्याच्या खिशातच आहे! तो ती बाहेर काढतो, पुसतो, झटकतो, पुन्हा बटण दाबतो. अक्षरे तीच. शेवटी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी लागते. असा प्रसंग कोणत्याही मोटारमालकावर येऊ शकतो.

पुढची हकीकतही नेहमीचीच असते. दुसऱ्या दिवशी किल्लीत नवा सेल घातला जातो, आणि त्याच वेळी शेजाऱ्याच्या मोटारीच्या बॅटरीला तारा जोडून इंजिन सुरू केले जाते. मोटार चालू लागते. श्रेय मिळते ते सेलला. दोन-तीन दिवस मोटार उभी राहते आणि पुन्हा तीच अक्षरे उमटतात. मग किल्लीच बिघडली असा निर्णय होऊन नव्या किल्लीसाठी काही हजार रुपये मोजण्याची तयारी होते. अशा वेळी एखादा जाणता मेकॅनिक मोटारीच्या बॅटरीला मल्टीमीटर लावून पाहतो, तेव्हा उलगडा होतो. किल्ली निर्दोष आहे. मोठी बॅटरी रिकामी झालेली आहे. आणि तीही स्वतःच्या दोषाने नव्हे, तर डिकीचे झाकण लावल्यावरही आतला दिवा जळत राहिल्यामुळे!

या हकीकतीत चूक कोठे झाली? दोन उपाय एकाच वेळी केले गेले, आणि गुण कशाचा आला हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही, ही ती चूक होय. आजच्या मोटारीत बॅटऱ्या दोन असतात. एक बॉनेटखालची मोठी आणि दुसरी किल्लीतील, नाण्याएवढी. दोहोंपैकी कोणतीही अशक्त झाली, तरी मोटारीची तक्रार पुष्कळदा एकाच शब्दांत उमटते. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी दोष कोणत्या बाजूचा आहे हे ठरवणे, हेच या दुखण्यावरील पहिले औषध आहे.

शिशाच्या पत्र्यांची, पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली. परंतु मोटारीचे इंजिन सुरू करण्याचे काम त्यानंतरही दीर्घकाळ लोखंडी दांड्यानेच होत असे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला, आणि तेव्हापासून हे काम बॅटरीकडे गेले. तरीही किल्ली पुढे कित्येक दशके केवळ धातूची एक पट्टीच होती. चोऱ्यांना आळा घालण्यासाठी तिच्यात सांकेतिक चीप बसवण्यात आली, आणि युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींत अशी चोरीप्रतिबंधक योजना सक्तीची केली. किल्ली कुलपात बसली म्हणजे झाले, असे आता राहिले नाही. मोटारीला ती ओळखू यावी लागते.

ही ओळख पटते कशी? बटणाच्या मोटारीत दार उघडताना किंवा बटण दाबताना मोटार आपल्या लहान अँटेनांमधून सुमारे १२५ किलोहर्ट्झचा मंद बिनतारी संदेश सोडते. त्याची मजल जेमतेम एक-दोन मीटर असते. तो ऐकून किल्ली जागी होते आणि आपला गुप्त संकेत पुष्कळ वरच्या, आपल्याकडे सामान्यतः ४३३ मेगाहर्ट्झच्या, लहरींवर परत पाठवते. या उत्तरासाठी लागणारी शक्ती तिला तिच्या सेलकडून मिळते. परंतु किल्लीतील चोरीप्रतिबंधक चीपला सेल लागत नाही. किल्ली ठरलेल्या जागेजवळ नेली की तेथील वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच ती आपल्यापुरती वीज घेते आणि स्वतःची ओळख सांगते. सेल संपलेली किल्ली बटणाला टेकवताच पुष्कळ मोटारी सुरू होतात, त्याचे रहस्य हेच. काही मोटारींत यासाठी वेगळा खाचा किंवा कप्पा असतो. तो कोठे आहे हे माहितीपुस्तकात लिहिलेले असते. फक्त ते संकटापूर्वी वाचलेले असावे लागते.

मग मोठ्या बॅटरीचा किल्लीशी संबंध काय? संबंध असा की, प्रश्न विचारणारी मोटार आहे. स्टार्टर फिरताना शंभर-दोनशे अँपिअर वीज ओढून घेतो. बॅटरी अशक्त असेल, तर त्या क्षणी तिचा दाब एकदम कोसळतो आणि किल्लीची चौकशी करणारे यंत्र अर्ध्यावरच बंद पडते. उत्तर मिळाले नाही एवढेच त्याला कळते, आणि ‘किल्ली सापडत नाही’ असा शेरा ते मारून मोकळे होते. ऐकणाराच बेशुद्ध पडला असता बोलणाऱ्याला मुका ठरवावे, तसाच हा प्रकार!

दोष कोणत्या बाजूचा हे ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. आतले दिवे मंद दिसत असतील, हॉर्नचा आवाज घोगरा असेल, बटण दाबताच समोरचे काटे थरथरत असतील किंवा नुसती टकटक ऐकू येत असेल, तर दोष मोठ्या बॅटरीकडे आहे असे समजावे. याउलट दिवे लख्ख असून दार उघडण्यासाठी किल्ली दिवसेंदिवस अधिक जवळ न्यावी लागत असेल, तर किल्लीचा सेल संपत आला आहे. घरातील दुसरी किल्ली आणून पाहावी. ती चालली तर पहिलीत दोष आहे. दोन्ही चालल्या नाहीत तर दोष बहुधा मोटारीत. शेवटी, दिवे चांगले असून किल्ली बटणाला टेकवली तरीही मोटार दाद देत नसेल, तरच चीप किंवा अँटेना यांचा संशय घ्यावा. नव्या किल्लीचा विचार या पायरीवर येतो, पहिल्या पायरीवर नव्हे.

किल्लीचा सेल बदलणे हे घरी करण्यासारखे काम आहे. पुष्कळ किल्ल्यांत सीआर २०३२ या क्रमांकाचा ३ व्होल्टचा सेल असतो; तथापि जुन्या सेलवरील क्रमांक पाहूनच नवा आणावा. सेल काढल्याने किल्लीची ओळख सहसा पुसली जात नाही. कधी कधी किल्ली आणि सेल दोन्ही ठीक असूनही ओळख पटत नाही. अशा वेळी किल्लीला चिकटून मोबाइल फोन, नाणी किंवा धातूची डबी तर नाही ना, हे पाहावे. मोबाइल बिनतारी भरण्याच्या तबकाजवळ किल्ली ठेवल्यानेही संदेशात विक्षेप येतो. मोटार एका ठराविक जागीच रुसत असेल, तर त्या जागेच्या आसपासच्या एखाद्या बिनतारी उपकरणाचा हा त्रास असू शकतो.

आता मोठ्या बॅटरीकडे वळावयाचे. तिच्यात सहा घट असतात आणि प्रत्येकाचा दाब २ व्होल्टहून किंचित अधिक असतो. मोटार काही तास उभी राहिल्यानंतर मल्टीमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले, तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना हाच आकडा सामान्यतः १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. तो १२ च्याच आसपास रेंगाळत असेल, तर बॅटरी भरणारा अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासून घ्यावा. नवी बॅटरी आणूनही तेथे उपयोग होणार नाही.

बॅटरी भरते, पण उभ्या मोटारीत रिकामी होते, असे आढळले तर वीज कोठे गळते ते शोधले पाहिजे. थोडी गळती ही असावयाचीच. घड्याळ, कुलपे आणि चोरघंटा यांना जागे राहण्यासाठी सुमारे ५० मिलिअँपिअरपर्यंत वीज लागते. या हिशेबाने दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात, आणि ४५ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी निम्मी व्हावयास अठरा-एकोणीस दिवस लागतात. याउलट ५ वॅटचा एक लहानसा दिवा जळत राहिला, तर दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास जातात आणि दोन-सव्वादोन दिवसांतच बॅटरी निम्मी होते. लग्नकार्यासाठी पंधरा दिवस परगावी गेलेल्या कुटुंबाची मोटार परतल्यावर का हलत नाही, हे या साध्या गुणाकारात दिसून येते.

गळती शोधताना मल्टीमीटर अँपिअरवर लावून तो बॅटरीचे ऋण टोक व त्याची तार यांच्यामध्ये जोडतात. दारे बंद करून, किल्ली मोटारीपासून चांगली दूर ठेवून अर्धा-पाऊण तास थांबावे लागते. कारण मोटारीतील यंत्रे झोपी जावयास वेळ घेतात आणि किल्ली जवळ असेल तर काही मोटारी पुन्हा पुन्हा जाग्या होतात. किल्लीचा खुंटी-कपाट उभ्या मोटारीच्या अगदी शेजारी नसावा, तो याचसाठी. आकडा मोठा दिसला, तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजसरशी आकडा खाली येतो, त्या वाटेवर चोर आहे. मीटर जोडलेला असताना इंजिन सुरू करू नये. सामान्य मीटरला १० अँपिअरपलीकडचा भार सोसत नाही. हे काम ज्याला जमणार नाही त्याने ते विजेचे काम जाणणाऱ्या मेकॅनिककडून करून घ्यावे. मात्र नवी बॅटरी घेण्यापूर्वी ते करावयास सांगावे.

सापडणारे चोर बहुधा ओळखीचेच असतात : डिकीतील किंवा समोरच्या कप्प्यातील दिवा, अडकून बसलेला रिले, आणि पुष्कळदा मागाहून बसवलेला कॅमेरा, रेडिओ किंवा मागोवा घेणारे यंत्र. डिकीचा दिवा विझतो की नाही हे पाहण्यासाठी मोबाइलचा कॅमेरा चालू करून तो क्षणभर डिकीत ठेवावा. याहून स्वस्त तपासणी नाही.

गळती नसतानाही बॅटरी म्हातारी होतेच. रिकामी राहिलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर लेड सल्फेटचे कठीण थर बसतात आणि तिची धारणशक्ती कायमची घटते. उष्णतेने आतील झीज वाढते. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात उघड्यावर तापणाऱ्या मोटारीला हे सोसावे लागते. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत टोकांवर पांढरा-हिरवा थर साचू लागला, तर तो वेळीच काढावा. कारण भरलेली बॅटरीही त्या थरामुळे रिकाम्यासारखी वागते. साफसफाईसाठी तारा सोडवताना ऋण टोक प्रथम सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे.

दुसऱ्या मोटारीची मदत घेताना क्रम चुकवू नये. प्रथम रिकाम्या बॅटरीचे धन टोक, मग भरलेल्या बॅटरीचे धन टोक, त्यानंतर भरलेल्या बॅटरीचे ऋण टोक, आणि शेवटी बंद मोटारीच्या इंजिनाचा, बॅटरीपासून दूरचा, उघडा धातू. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, म्हणून शेवटची ठिणगी तिच्याजवळ पडू देऊ नये. सुरू झालेली मोटार अर्धा तास फिरवल्याने बॅटरी पूर्ण भरत नाही. ती रात्रभर चार्जरवर लावणे उत्तम.

राहता राहिली एक लहानशी गोष्ट. बहुतेक बटणाच्या किल्ल्यांच्या पोटात धातूची एक छोटी किल्ली लपलेली असते, आणि दाराच्या मुठीजवळ तिचे कुलूप झाकणाखाली असते. दोन्ही बॅटऱ्या गेल्या तरी दार उघडणारी ती एकच वस्तू होय. पुष्कळांनी ती कधी बाहेर काढलेलीही नसते. एखाद्या रविवारी सकाळी ती काढावी, दार उघडून पाहावे, सेल काढलेली किल्ली बटणाला टेकवून मोटार सुरू करून पाहावी आणि मीटरवरचा आकडा एका कागदावर लिहून ठेवावा. अर्ध्या तासाचे काम आहे. रात्री दोन वाजता समोरच्या पट्टीवर ‘किल्ली सापडत नाही’ अशी अक्षरे उमटतील, तेव्हा ज्याने हा अर्धा तास दिलेला असेल, त्याचा हात चाचपडणार नाही.