प्रथमच पाण्यावर जाणाऱ्यांस

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेंत आमच्या पॅरिशच्या गुरूंनीं दिलेलें व्याख्यान)

प्रिय युवकहो, आणि त्यांच्या पाठीमागें काळजीनें बसलेल्या मातापित्यांनो,

कार्यक्रमपत्रिकेंत आमच्या नांवापुढें "युवकांस उपदेश" असें छापलें आहे. उपदेश आम्ही दर रविवारीं करितोंच. आज थोडें निराळें बोलण्याची परवानगी असावी. युवक मंडळानें दोन कायाक आणविल्या आहेत, व येत्या शनिवारीं तलावावर गळ टाकण्यास जाण्याचा बेत ठरला आहे. ज्यांनीं आजवर वल्हें हातीं धरिलेलें नाहीं अशीं चौदा मुलेंमुली या सहलींत आहेत, आणि त्यांस घेऊन जाणारे थोरले पांच आहेत. आमचें बोलणें मुख्यतः या पांचांसाठीं आहे. चौदांनींही तें ऐकून ठेवावें, म्हणजे थोरले चुकले तर त्यांस तेथल्या तेथें सांगतां येईल.

आमचा जन्म वसईच्या पाचूबंदरांतला. आम्ही नऊ वर्षांचे असतां काकांनीं आम्हांस प्रथम समुद्रावर नेलें. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा तो मतलई वारा, आणि दुपारीं समुद्राकडून येणारा तो खारा वारा. उधाणाची भरती कोणत्या तिथीस, भांगाची कोणत्या. हें सर्व त्यांनीं त्या एका सकाळीं आमच्याकडून पुनःपुन्हां म्हणवून घेतलें. परंतु जाळें कांहीं त्यांनीं टाकिलें नाहीं. आम्ही फार हिरमुसलों. घरीं आल्यावर आजीनें टोपली रिकामी पाहून विचारलें, "मासळी कुठं आहे?" काका म्हणाले, "आज पोराला परत आणलाय." एवढें बोलून ते जेवावयास बसले. त्या उत्तराचा अर्थ आम्हांस पुढें पस्तीस वर्षें कळला नाहीं, आणि कळला तो याच जिल्ह्यांत, फार लाजिरवाण्या रीतीनें. ती हकीकत आम्हीं या व्यासपीठावरून कधीं सांगितली नव्हती. आज सांगतों.

सन २०१४ च्या उन्हाळ्यांतील गोष्ट. गोसेखुर्द धरणाचा पाया सन १९८८ मध्यें पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें घातला गेला. पुढें पाणी अडविलें जाऊं लागलें तसा वैनगंगेचा फुगवटा गांवेंच्या गांवें गिळीत वर आला. तें विस्तीर्ण पाणी प्रथम पाहिलें तेव्हां आमच्यांतला कोळी जागा झाला. पॅरिशमधील तीन मुलें बरोबर घेतलीं आणि एका ओळखीच्या माणसाचा डोंगा मागून आणिला. काठावर एक वृद्ध ढिवर जाळें सुकवीत बसला होता. त्यास आम्हीं नमस्कार केला, परंतु विचारलें कांहींच नाहीं. विचारावें असें वाटलेंच नाहीं! ज्यानें दर्या पाहिला त्यास तळ्याचें काय भय, असा आमचा ताठा होता.

अकराच्या सुमारास मुलांनीं गळ टाकिले, आणि आम्हींही टाकिला. येथेंच पहिली चूक झाली, कारण ज्याच्या हातांत गळ त्याचे डोळे दोरीवर. आभाळ पाहण्यास मग कोणी उरत नाहीं. पश्चिमेस काळें भरून आलें तें आम्हीं पाहिलें नाहीं. मृग लागण्यापूर्वीं या भागांत जें वादळ उठतें तें सांगून येत नाहीं. वारा आम्हांस मधल्या पाण्याकडे ढकलूं लागला. आम्हीं घाईनें डोंगा वळविला, तोंच त्याचा तळ पाण्याखालीं उभ्या असलेल्या झाडाच्या खुंटावर बसला. एक मुलगा भ्याला व उभा राहिला. डोंगा उलटला.

दोघे मुलगे डोंग्यास धरून राहिले. तिसरा दिसेना. त्याचा पाय बुडालेल्या फांद्यांत अडकला होता. आम्ही दोनदां खालीं गेलों व रिकाम्या हातांनीं वर आलों. त्यास वर काढिलें तें त्या वृद्धानें; आभाळ पाहतांच आम्ही न बोलावतां तो आपला डोंगा घेऊन निघाला होता. मुलगा वांचला. काठावर आल्यावर तो ढिवर रागावला नाहीं, एवढेंच म्हणाला, "फादर, जायच्या आंधी मले पुसाले पायजे होतं ना जी." त्या संध्याकाळीं मुलाच्या आईसमोर उभें राहतांना आम्हांस जें वाटलें तें सांगण्यास शब्द नाहींत. तिनें आमच्या भरंवशावर मुलगा पाठविला होता. तो मुलगा आतां मोठा झाला आहे, चांगल्या नोकरींत आहे. परंतु आजही गुडघाभर पाण्यांत उतरत नाहीं. तें ऋण आमच्या नांवावर आहे.

त्यानंतर आम्ही त्या वृद्धाचे शिष्य झालों. समुद्रावर शिकलेलें पुष्कळसें येथें विसरावें लागलें. येथें भरतीओहोटी नाहीं, म्हणून पाणी स्थिर आहे असें नवशिक्यास वाटतें. परंतु धरणाचीं दारें उघडलीं म्हणजे खालच्या पात्रांत पाणी चढतें, आणि वरच्या फुगवट्यांत तें उतरूं लागलें कीं काल जो खुंट दोन हात खोल होता तो आज होडीच्या तळास लागतो. समुद्रांत खडक कोठें आहे तें पिढ्यान् पिढ्या ठाऊक असतें. येथें भिंती, विहिरींचे कठडे, झाडें, सारेंच कालपरवां बुडालेलें. म्हणून प्रथमच जाणाऱ्यांस त्या फुगवट्यावर नेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि युवक मंडळानें तलाव निवडला याचा आम्हांस संतोष वाटतो.

हे तलाव म्हणजे या जिल्ह्याचें खरें वैभव. कोहळी लोकांनीं गोंड राजांच्या काळापासून ते बांधिले. मालगुजारी गेल्यावर, म्हणजे सन १९५१ पासून, ते सरकारकडे आले, आणि "माजी मालगुजारी" या शब्दांचें लोकांनीं लाडकें "मामा तलाव" करून टाकिलें. एका बाजूस मातीची पाळ, तिच्याजवळ पाणी खोल. समोरच्या बाजूस तें उथळ होत होत शेतांस मिळतें. नवशिक्यानें उथळ बाजूसच राहावें. पाणी सोडण्याच्या दाराजवळ कोणींही जाऊं नये. कमळें व शिंगाडे जेथें दाट आहेत तेथें वल्हें गुंततें आणि पोहणाऱ्याचा पायही गुंततो. (आम्ही नवे आलों तेव्हां "तलावांत शिंगाडे फार" हें ऐकून हरखलों होतों. आमच्या किनाऱ्यावर शिंगाळा हा मासा आहे. येथें बाजारांत टोपलीभर हिरवीं शिंगें असलेलीं फळें पुढें आलीं!)

आणखी एक गोष्ट. तलाव मोकळा दिसतो म्हणून तो बेवारस नव्हे. मासेमारीचा ठेका ढिवरांच्या सहकारी सोसायटीनें पैसे भरून घेतलेला असतो. रोहू, कटला हे मासे सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालीत नाहींत. त्यांस वाहतें पाणी लागतें, म्हणून पावसाळ्यांत सोसायटी बीज विकत आणून सोडते. तुमच्या गळास लागलेला रोहू हा कोणाच्या तरी खर्चाचा आहे. आम्हीं सोसायटीची परवानगी घेतली आहे, व मोठे रोहू-कटला परत सोडावे असें ठरलें आहे. मरळ लागल्यास सोसायटीच्या माणसास विचारून ठेवावी. मांगूर लागल्यास त्यास नवशिक्यानें हात लावूं नये. त्याच्या परांचे कांटे हाताला असे लागतात कीं सहल तेथेंच संपते.

आतां कायाकविषयीं. ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची होडी. लांकडी सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ते ती करीत व तींतून शिकारीस जात. आपल्याकडे आली आहे ती प्लास्टिकची, आंतून पोकळ, वर बसण्याची. तिला आरपार छिद्रें आहेत तीं पाहून कोणी घाबरूं नये. वर आलेलें पाणी त्यांतून निघून जातें. ती बुडत नाहीं, परंतु उलटते, आणि उलटते ती बहुधा मासा लागल्यावरच. मासा ओढतो, मुलगा आनंदानें त्या बाजूस वांकतो, त्याचें डोकें होडीच्या कडेबाहेर जातें, आणि डोकें गेलें तेथें देह जातो. मासा किती का मोठा असेना, नाक होडीच्या मध्यरेषेवर ठेवावें. गळाची दोरी हाताभोंवतीं गुंडाळूं नये. नांगर टाकणें झाल्यास टोंकाकडून टाकावा; कडेस बांधलेला नांगर वाऱ्यांत होडी आडवी करितो.

म्हणून पहिला सबंध तास गळाविना जाईल. कमरेइतक्या पाण्यांत प्रत्येकानें मुद्दाम कायाक उलटवावी व पुन्हां चढावें. चढण्याची रीत अशी: प्रथम होडी सुलटी करावी; तिच्या मध्याजवळ येऊन दूरची कड हातानें धरावी; पाय पाण्याच्या वर येईपर्यंत मारावे, खालीं लोंबकळूं देऊं नयेत; मग पोटावर आडवें पडावें, वळून बसावें आणि शेवटीं पाय आंत घ्यावे. हें तीन वेळां ज्यास जमलें त्यासच गळ मिळेल. ज्यास जमलें नाहीं त्यानें काठावरून गळ टाकावा. त्यांत कमीपणा नाहीं. लाइफ जॅकेट काठावरच बांधावें, पाण्यांत गेल्यावर नव्हे. ज्यास उत्तम पोहतां येतें त्यानेंही बांधावें. आम्हांस उत्तम पोहतां येत होतें. निघतांना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस निघावें, म्हणजे थकल्यावर तोच वारा घरीं आणितो. दूरवर गडगडलें तरी गळ आडवा करून तत्काळ काठ गांठावा.

पांचा थोरल्यांनो, तुमच्यापैकीं कोणीही त्या दिवशीं गळ टाकणार नाहीं. हें ऐकून दोघांचे चेहरे पडलेले आम्हांस येथून दिसत आहेत. असूं द्या.

वसईची मंडळी आम्हांस थट्टेनें विचारतात, दर्यावरचा माणूस डबक्यांत कसा रमला? त्यांस आम्ही सांगतों कीं प्रेषित पेत्र व आंद्रेया हे दर्यावरचे नव्हतेच. ज्यास आपण गालील समुद्र म्हणतों तें गोड्या पाण्याचें सरोवर आहे, सुमारें एकवीस किलोमीटर लांब, डोंगरांच्या कुशींत; आणि तेथेंही वारा अकस्मात् उतरतो. सन १९८६ मध्यें दुष्काळानें तें आटलें तेव्हां चिखलांत त्या काळची एक होडी सांपडली: लांबी आठ मीटरांहून थोडी अधिक, लांकडें निरनिराळ्या झाडांचीं, जागोजाग ठिगळें लाविलेलीं. तिचें चित्र आम्हीं त्या वृद्ध ढिवरास दाखविलें. त्यानें तें बराच वेळ पाहिलें व म्हणाला, "हा गरीब माणसाचा डोंगा होय जी."

शनिवारीं सहा वाजतां चर्चच्या अंगणांत जमावें. थंडीचे दिवस आहेत; धुकें उठेपर्यंत कोणीही पाण्यांत उतरणार नाहीं, मग आठ वाजोत कीं नऊ. तो वृद्ध ढिवर येण्यास कबूल झाला आहे, आणि निघावयाचें कीं नाहीं तें तो आभाळ पाहून ठरवील; त्याचा शब्द आमच्या शब्दावर. आम्ही पाळीवर यादी घेऊन बसणार आहों. जातांना प्रत्येकानें आपलें नांव सांगून जावें, आणि परत आल्यावर, मासा मिळो वा न मिळो, प्रथम आमच्याकडे येऊन तें पुन्हां सांगावें.